भोकांचा हिशेब

लोक म्हणतात जाळं दोऱ्याचं असतं.
चाळीस वर्षं विणतोय, मला विचारा.
जाळं भोकांचं असतं,
दोरा नुसता त्यांना जागेवर धरून बसतो.
चांबोला तीन बोटं भोक.
उटाकाला दीड.
उसिपा म्हणजे नखाएवढी चांदी, तिला नखाहून बारीक.
भोक चुकलं की घर उपाशी.

आज तियांजाने आली. सातवा लागलाय,
पहिलटकरीण, पाय जड, चाल अगदी आईची.
खांद्यावर दवाखान्यातली मच्छरदाणी.
म्हणाली, बाबा, कोपऱ्यात फाटली,
सावलीत टांगली होती तर शेळीनं शिंग घातलं.

सिस्टरनंच सांगितलं होतं टांगायला,
औषधाचा वास उतरू दे आधी,
मग आत झोप, रोज, ताप असो नसो.
ताप नसतानाही तो असतो म्हणे,
वारेत दडून बसतो,
आईला पत्ता नसतो आणि बाळाचा घास तुटतो.
चावते ती मादीच, हेही सांगितलं,
तिला रक्त हवं अंड्यांसाठी.
म्हणजे तीही पोटाचंच बघते.

मच्छरदाणी मांडीवर घेतली.
हे भोक माझ्या बोटांच्या ओळखीचं नाही.
सुईचं टोक जातं, तेही कसंबसं.
शिंगाचं मात्र मुठीएवढं.

अशीच एक आमच्या घरात आली होती,
सोळा वर्षं झाली.
पांढरी, कोरी, घडीच्या रेघांसकट.
एनेलेसीच्या पोटात तेव्हा दुसरं,
आणि सरोवर दोन महिने रिकामं.
मी भोक पाहिलं.
उसिपाहूनही बारीक.
चोरून नाही काढली मी, एवढं खरं.
विचारून काढली, भरदिवसा.
ती म्हणाली, खायला तर हवं.
कापली, शिवली, बुडाला खडे बांधले.
पहिल्याच खेपेला दोन बादल्या,
उसिपा, आणि अजून मासा न झालेलं काहीतरी,
नुसते डोळे.

पोर आठव्यात आलं.
दवाखान्यात वजनाला ठेवलं,
काटा हलला, मग त्यानं जणू विचार बदलला.
तीन दिवस.
नाव ठेवलं नव्हतं,
त्यामुळे हाकही मारता येत नाही.

एनेलेसी यावर कधी बोलली नाही.
आजही नाही.
आतून आली, कमरेच्या निळ्या चितेंजेचा काठ
दातानं उसवला,
दोरा माझ्यासमोर ठेवला
आणि दिवा जवळ सरकवला.

सुई ओवून दिली तियांजानेनं,
माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत.
रात्र चढेपर्यंत बसलो.
मुठीचं बोट केलं, बोटाचं नख,
नखाचं त्याहून बारीक, त्याहून बारीक,
गाठीला गाठ लागेपर्यंत.
मान अवघडली. एकदा शिवी दिली,
कुणाला ते विचारू नका.
पांढऱ्यात निळा गोळा झाला, ओबडधोबड,
शिकाऊ पोरानं केला असता तर कान धरला असता.
पण पाणी ओतून पाहावं इतका घट्ट.
आयुष्यात पहिल्यांदा
काहीही आत येऊ नये म्हणून विणलं.

चार कोपरे चार खिळ्यांना.
खालची कड एनेलेसीनं चटईखाली खोचली,
सगळीकडून, दोनदा,
उशाशी तिसऱ्यांदाही.
पोरगी आत, कुशीवर, पोटाखाली उशी.
दिव्याच्या उजेडात ती
जाळ्यातल्या मोठ्या माशासारखी दिसत होती,
आणि मी पटकन दुसरीकडे पाहिलं.

बाहेर येऊन उंबऱ्यावर बसलो.
पाण्यावर होड्यांचे दिवे लागले होते.
कानाशी एक आली,
उपाशी आवाज, ओळखीचा.
हात तसाच राहू दिला.
एनेलेसी शेजारी येऊन टेकली,
काठ नसलेला चितेंजे पायांवर ओढून.

आतून तियांजाने म्हणाली,
बाबा, तुमच्या दोघांची कुठाय?

मी म्हटलं, झोप तू.
विणतोय.